परतीच्या वाटेवरचे वजन

नेरुळ, रविवार रात्र

व्हॅल्हाइम या व्हिडिओ गेममधले आमचे पहिले लोखंड आज अखेर तळावर पोहोचले. दिवसभर पावसाने उसंत दिली नाही, त्यामुळे जेवण आटोपल्यावर मी इथून आणि भाची ठाण्यातल्या तिच्या घरून असे दोघे जे बसलो, ते दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. एवढा वेळ नेमका कशात गेला, याचा विचार करताना लक्षात आले की खाणकामात त्यातला थोडाच गेला. बाकी सगळा वेळ सापडलेले लोखंड घरी आणण्यात गेला.

स्वीडनमधल्या आयर्न गेट या पाच जणांच्या चमूने केलेला हा खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये, अजून अपुरा असतानाच विक्रीला आला आणि साधारण महिन्याभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. त्यात पोर्टल बांधता येतात. दोन पोर्टलना एकच नाव दिले की एकातून शिरून दुसऱ्यातून क्षणात बाहेर पडता येते, मग मध्ये कितीही समुद्र असो. मात्र तांबे, कथील, लोखंड किंवा त्यांचे कच्चे खनिज जवळ असेल, तर पोर्टल आपल्याला आत घेत नाही. लाकूड चालते, दगड चालतो, अन्न चालते. धातू चालत नाही. या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

लोखंड मिळते ते दलदलीतल्या बुडालेल्या तळघरांत. तिथले दार उघडणारी किल्ली जंगलातल्या ‘एल्डर’ नावाच्या महाकाय वृक्षराक्षसाला मारल्याशिवाय मिळत नाही. आत कंबरभर अंधार, चिखलाचे ढिगारे, आणि पिकॅक्सचा, म्हणजे टोकदार कुदळीचा, घाव पडला की ढिगाऱ्यातून कधी भंगार लोखंड, कधी वाळलेली हाडे, कधी चामड्याचे तुकडे निघतात. माणसाला ३०० वजन पेलते आणि भंगार लोखंडाचा एकेक नग १० वजनाचा, म्हणजे अंगावरचे चिलखत आणि हत्यारे सोडली तरी तीस नगांत माणूस भरतो. त्याहून जास्त उचलले की पळता येत नाही आणि पावलागणिक दम उतरत जातो. म्हणून तळघराच्या पायऱ्यांवरच बसून आम्ही वाटाघाटी केल्या: काय ठेवायचे, काय टाकायचे, जेवणातले काय आत्ताच खाऊन संपवायचे. चामडे टाकून देऊ, असे मी सुचवले. “मामा, चामडे राहू दे, गदेला लागते,” असे म्हणून तिने स्वतःजवळची दगडांची रास चिखलात सोडून दिली.

आमच्याकडची होडी छोटी आहे, कार्व्ह. तिच्या पोटात सामानाचे फक्त चार कप्पे. मोठ्या लाँगशिपमध्ये अठरा कप्पे असतात, पण ती बांधायला लोखंडी खिळे लागतात, त्यामुळे पहिले लोखंड आणायला छोटीच होडी न्यावी लागते. (ही साखळी ज्याने रचली त्याला मनापासून दाद दिली पाहिजे.) जाताना वारा पाठीशी होता. येताना तो समोरून आला, शीड निरुपयोगी ठरले आणि वल्हवत वल्हवत किनाऱ्याच्या आडोशाने यावे लागले. रात्र पडली, वादळ उठले, आणि अशा हवेत वर येणारा समुद्रसर्प आता दिसेल, मग दिसेल, या धास्तीने आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. तो दिसला नाही. तरीही या सबंध खेळात मला आजवर इतके दडपण कोणत्याही लढाईत आले नव्हते, कारण बुडण्यासारखे काही जवळ असण्याची ही पहिलीच वेळ होती.

माझा दिवस तुर्भ्याच्या एका गोदामात मालाची आवक-जावक नोंदवण्यात जातो. ट्रकवाल्यांचा सगळा जीव परतीच्या भाड्यात असतो; माल पोहोचवून रिकामी गाडी परत आणायची म्हणजे डिझेल अंगावर. या खेळात नेमके उलटे आहे, इथे जाताना रिकामेच जायचे आणि कमाई सगळी परतीच्या फेरीत.

या दृष्टीने पाहिले तर मला आवडलेले आणि न आवडलेले खेळ आपोआप वेगळे होतात. ‘माइनक्राफ्ट’मध्ये अंगावर छत्तीस खण असतात, एकेका खणात चौसष्ट दगड मावतात, म्हणजे ओझे असे फारसे नाहीच, पण मेलो तर सगळे जिथल्या तिथे सांडते आणि पाच मिनिटांत नाहीसे होते, त्यामुळे हिरे हाती लागल्यावर वर येण्याच्या वाटेवरचा प्रत्येक वळसा जपून घ्यावा लागतो. समुद्राखाली घडणारा ‘सबनॉटिका’ तर नकाशाही देत नाही. सुरुवातीला जेमतेम पंचेचाळीस सेकंदांचा श्वास असतो आणि त्यातला निम्मा वर येण्यासाठी राखून ठेवावा लागतो. खाली चमकणारे काहीतरी दिसत असताना वळावे लागणे, हा त्या खेळाचा सर्वांत उत्तम भाग आहे. याउलट २०१६ मध्ये आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये १८ वर अठरा शून्ये लिहावी लागतील एवढे ग्रह आहेत, दृश्ये विलक्षण देखणी आहेत, पण एकदा टेलिपोर्टर हाताशी आला की कुठूनही घरी परतता येते, आणि मग दूर जाण्याचेही काही वाटेनासे होते. पुष्कळांना तो प्रिय आहे, हे मला मान्य आहे. मी मात्र प्रत्येक वेळी चार-दोन ग्रहांनंतर कंटाळलो.

व्हॅल्हाइमच्या कर्त्यांनी २०२३ मध्ये एक सोय करून दिली: जगाच्या सेटिंगमध्ये बदल करून पोर्टलमधून धातूही नेता येतो. कामाच्या माणसांना ही सोय हवीच होती, आणि ज्याला संध्याकाळी तासभरच मिळतो त्याने वल्ही मारत का बसावे, हा प्रश्न रास्तच आहे. भाचीनेही आज होडीतून उतरता उतरता तोच विषय काढला. “एक क्लिक आहे, मामा. पुढच्या वेळी वाऱ्याच्या नाकदुऱ्या काढायला नकोत.” तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. परंतु धातू पोर्टलमधून येऊ लागला की होडी कशाला बांधायची, धक्का कशाला, वाटेत बेटावर निवाऱ्याची झोपडी कशाला, या प्रश्नांची उत्तरे उरत नाहीत. आमच्या नकाशावरची निम्मी बांधकामे केवळ या वाहतुकीपायी उभी राहिली आहेत. शेवटी तडजोड अशी ठरली की या जगात नियम आहे तसाच राहील आणि तिला हवे ते सगळे प्रयोग करायला ती वेगळे जग सुरू करील.

भट्टी पेटवून ठेवली आहे. एका कांबीला दोन कोळसे या हिशेबाने कोळसा पुरेल असे दिसते. लाँगशिपला शंभर खिळे, म्हणजे दहा कांबी, त्या आधी बाजूला काढायच्या यावर दोघांचेही एकमत आहे. उरलेल्यांतून पहिल्यांदा काय घडवायचे यावर मात्र नाही: गदा आणि लोखंडी पिकॅक्स, दोन्हींना वीस-वीस कांबी लागतात. मला पिकॅक्स हवे आहे, तिला गदा, आणि चामडे तिच्याकडे आहे.