मागच्या जिन्याचे कुलूप

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी १९ वर्षे गणित शिकवते आहे आणि गेली ६ वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणूनही काम पाहते. पावसाळ्यात प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आम्हां शिक्षकांपैकी काहींना मदतकक्षात बसावे लागते. तिथे येणारे पालक पूर्वी शाखा कोणती घ्यावी, कंपन्या किती येतात, शुल्क हप्त्यांत भरता येईल का, हे आधी विचारत असत. आता सोबत मुलगी असेल तर पहिला प्रश्न बहुतेक वेळा तिच्या सुरक्षिततेचा असतो. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, ठरावीक प्रवर्गांमधील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले, आणि पैशांची अडचण सुटल्यावर तिच्यामागे असलेली भीती पुढे आली, असे मला या दोन वर्षांत सतत जाणवत आले आहे.

२०२५ च्या प्रवेशफेऱ्यांत एके दिवशी सकाळी कार्यालय उघडते न उघडते तोच औसा तालुक्यातील एका गावचे गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते वीजवितरणात लाईनमन होते. मुलीला पहिल्या फेरीत आमच्याकडे संगणक शाखा मिळाली होती. कागदपत्रांची पिशवी त्यांनी उघडलीच नाही. खिशातून एक छोटी वही काढली आणि तीत लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारायला सुरुवात केली. फाटक किती वाजता बंद होते, आत पुरुष कर्मचारी किती, रात्री पोरगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, खानावळ आवारात आहे की बाहेर, शेवटची बस किती वाजता. रात्रीच्या एसटीने निघून पहाटे साडेचारला दोघे स्वारगेटला उतरले होते आणि उजाडेपर्यंत बाकावरून हलले नव्हते. त्याच आगारात फेब्रुवारी २०२५ मध्ये, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये, एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी त्यांच्या गावापर्यंत पोहोचली होती. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीवर भरदिवसा कोयत्याने झालेल्या हल्ल्याची चित्रफीतही त्यांनी पाहिली होती. ‘‘तिला वाचवणारा पोरगाबी परीक्षेचा अभ्यास करायलाच आलेला होता,’’ असे ते म्हणाले, तेव्हा पुण्याविषयीची त्यांची भीती आणि पुण्याविषयीची आशा एकाच बातमीतून आलेली आहे, हे माझ्या लक्षात आले.

मी नेहमीची उत्तरे दिली. रात्री नऊला फाटक बंद होते, चोवीस तास पहारा असतो, प्रत्येक मजल्यावर कॅमेरे आहेत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा असून त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतले जाते, आणि तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे, हेही सांगितले. त्यांनी क्रमांक लिहून घेतला, मुलीलाही तो मोबाइलमध्ये नोंदवायला लावला, आणि म्हणाले, ‘‘मॅडम, हे सगळं कागदावर आहे. एकदा जागा बघू द्या.’’

वसतिगृहात पुरुषांना प्रवेश नसतो. परंतु मुली तासांना गेल्या होत्या, म्हणून मावशींना पुढे पाठवून, मजले रिकामे असल्याची खात्री करून मी त्या दोघांना आत नेले. पालक आत आले की खोलीतल्या गाद्या, न्हाणीघरातले गरम पाणी, खिडकीचे गज पाहतात. हे गृहस्थ मात्र दारातून आत शिरताच उजवीकडे वळले आणि पुढच्या जिन्याखाली असलेल्या मीटरच्या बोर्डासमोर उभे राहिले. ईएलसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आहे का, असे त्यांनी विचारले. मला माहीत नव्हते. त्यांनीच वाकून पाहिले आणि तळमजल्याला आहे, वरच्या मजल्यांना नाही, असे सांगितले. खोल्यांमधून एका सॉकेटवर तीन-तीन उपकरणे जोडणारे एक्स्टेंशन बोर्ड, पाणी तापवायचे रॉड आणि इस्त्र्या त्यांना दिसल्या. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, शिकवल्यासारखे केले. मीटरचे बोर्ड बहुधा जिन्याखालीच बसवतात, भार वाढला की पहिली ठिणगी तिथेच पडते आणि धूर जिन्यानेच वर चढतो. ‘‘जिना म्हणजे धुराडं होतंय, मॅडम. पोरी पळणार तर त्याच जिन्यानं.’’

मग ते तिसऱ्या मजल्याच्या टोकाला गेले. तिथे मागचा जिना आहे आणि त्याच्या तोंडाशी सरकते लोखंडी शटर. दिवसा ते अर्धे उघडे असते. कडीला एक मोठे पितळी कुलूप लोंबत होते. ‘‘हे कशाला?’’ त्यांनी विचारले. मावशींनी सांगितले की रात्री नऊला पहारेकरी ते लावतो आणि चावी खाली फाटकावर असते. त्यांनी त्या मजल्यावरच्या मुली किती, असे विचारले. मी ४८ असे उत्तर दिले आणि तो आकडा तोंडातून बाहेर पडत असतानाच माझ्या पोटात गोळा आला.

कारण ते कुलूप मीच लावायला सांगितले होते. काही वर्षांपूर्वी एका रात्री एक अनोळखी माणूस त्याच जिन्याने पहिल्या मजल्यापर्यंत चढला होता. मुलींनी आरडाओरडा केला, तो पळाला, कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्याच दिवशी पालकांचे फोन सुरू झाले. तातडीने काहीतरी करणे भाग होते, आणि तातडीने करता येण्याजोगे म्हणजे शटरला कुलूप. त्या आदेशावर माझी सही आहे. पुढे प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ‘मागचा जिना रात्री बंद असतो’ हे मी पालकांना आश्वासन म्हणून सांगत आले, आणि ते ऐकून पालकांचे चेहरे निवळत असत. आगप्रतिबंधाच्या २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तेही आमच्याकडे होते. तपासणीस दिवसा आले, शटर उघडे होते, आग विझवायची नळकांडी भरलेली होती. कागदावर खोटे काहीच नव्हते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ माणसे गेली ती मुख्यतः धुराने गुदमरून, बाहेर पडायच्या वाटा बंद असल्यामुळे. मे २०१९ मध्ये सुरतेच्या शिकवणीवर्गात २२ जण मृत्यू पावले आणि वरच्या मजल्यावरून उड्या टाकणारी मुले साऱ्या देशाने पाहिली. या दोन्ही घटना मला माहीत होत्या. मी त्यांच्याविषयी वर्गात बोललेही होते. पण आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पितळी कुलपाशी त्यांचा संबंध मी कधी जोडला नव्हता.

‘‘कुलूप काढलं तर चोर येईल, ठेवलं तर जीव जाईल, असं नसतंय,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या सबस्टेशनच्या कंट्रोल रूमचं दार बघा. आतून आडवी दांडी ढकलली की उघडतंय, अन् ते बाहेरच्या बाजूलाच उघडतंय. बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. वर घंटा बसवली की कुणी उघडलं ते फाटकावर कळतंय.’’ वहीच्या मागच्या पानावर त्यांनी मला तसल्या दाराची आकृतीही काढून दिली.

ते पुन्हा खाली बोर्ड पाहायला गेले तेव्हा मुलगी माझ्याजवळ थांबली. सकाळपासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिने हळू आवाजात विचारले, ‘‘मॅडम, इथं कुणी त्रास दिला आणि मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही घरी कळवता का?’’

या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि खोटे द्यायचे नव्हते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि तक्रारदाराचे नाव गोपनीय ठेवावे लागते, हे मी तिला सांगितले. पण तिचे वय सतराच होते. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे मला बंधनकारक आहे आणि मग ते घरापासून लपून राहणार नाही, हेही सांगितले. पहिल्या वर्षाला येणाऱ्या कित्येक मुली काही महिने तरी या वयाच्या असतात. माहितीपुस्तिकेत त्याविषयी आम्ही एक ओळही छापलेली नाही.

ती म्हणाली, ‘‘आमच्या वर्गातल्या एकीनं एसटीत त्रास देणाऱ्याचं नाव घरी सांगितलं. तिचं लग्न झालं दहावीनंतर.’’ इतके बोलून ती जिना उतरू लागली.

आमच्या समितीच्या नोंदवहीत त्या वर्षी एकही तक्रार नव्हती. पालकांना ते सांगताना मला अभिमान वाटत असे. त्या मुलीच्या बोलण्यानंतर मी ती कोरी पाने पालकांसमोर मांडलेली नाहीत, कारण पाने कोरी का राहिली हे मला सांगता येत नाही. तेव्हापासून पहिल्या दिवशीच्या मेळाव्यात मी मुलींना काय गोपनीय राहील आणि काय मला कळवावेच लागेल, हे स्पष्ट सांगते. आणि पालकांच्या सभेत हात जोडून एक विनंती करते, की मुलीने काही सांगितले तर तिला परत नेऊ नका. काही पालक मान हलवतात. काही नजर खाली घालतात.

त्या संध्याकाळी मी प्राचार्यांना टिपण दिले आणि रात्री नऊला पहारेकऱ्याकडून कुलूप मागून घेतले. पहिल्या रात्री तिसऱ्या मजल्याच्या टोकाला खाट टाकून मी स्वतः झोपले. पुढे रात्रपाळीच्या मावशींची तिथे पाळीपाळीने व्यवस्था केली. दाराला मंजुरी मिळायला बराच वेळ लागला, कारण खर्चापेक्षाही पालक काय म्हणतील याची धास्ती मोठी होती. ती अनाठायीही नव्हती. सप्टेंबरच्या सभेत तीन-चार पालक चिडून उठले, ‘‘कुलूप काढलंच कसं?’’ मी त्यांना वर नेले, मजल्यावरच्या मुलींची संख्या सांगितली, पुढच्या जिन्याखालचा बोर्ड दाखवला आणि दिवे बंद करून पुढच्या जिन्यापर्यंत चालत जायला सांगितले. एक आई अर्ध्या वाटेत थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘अहो, इथं काहीच दिसत नाही.’’ दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही मजल्यांवर दांडीचे दार बसले, वरच्या मजल्यांना ईएलसीबी बसले आणि पाणी तापवायचे रॉड बंद करून गरम पाण्याची वेळ वाढवली.

मुलगी आमच्याकडे आली नाही. दुसऱ्या फेरीत तिला नांदेडला जागा मिळाली, जी घरापासून जवळ होती, आणि ती घेणेच योग्य होते. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी तिच्या वडिलांच्या क्रमांकावरून फोन आला, पण आवाज तिचा होता. वसतिगृह बरे आहे, गणित अवघड जाते आहे, असे ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘मॅडम, मला मागच्या आठवड्यात अठरा पूर्ण झाली,’’ असे म्हणाली. सगळे ठीक आहे ना, असे मी विचारले. ठीक आहे, ती म्हणाली, आणि मी तिला माझा क्रमांक तिच्या स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवायला सांगितला.

तेवढ्यात वडिलांनी फोन घेतला. त्यांनी माझी खुशाली विचारली नाही की मुलीचे गुण सांगितले नाहीत.

‘‘मॅडम, दार बसलं का?’’

‘‘बसलं.’’

‘‘बाहेरच्या बाजूला उघडतंय ना?’’

हो, मी म्हणाले, बाहेरच्या बाजूलाच उघडते.