फलाटाजवळचं वळण

कारखाना बंद पडला, गोदामं भाड्याने गेली आणि गवतात बुजलेल्या सायडिंगची, म्हणजे मुख्य मार्गावरून कारखान्यात येणाऱ्या जोडरुळाची, सगळ्यांना पुन्हा आठवण झाली. जिथे कोळसा उतरायचा त्याच फलाटाला आता कंटेनरच्या वॅगन लावायच्या, असा प्रस्ताव होता. माझ्याकडे काम आलं ते रूळ तपासायचं.

असा तपास मोजण्याने नाही, खणण्याने सुरू होतो. रूळ दिसतो, पण मातीखालचा लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, शाबूत आहे की कुजलाय, हे पहार मारल्याशिवाय कळत नाही. इथे बऱ्याच ठिकाणी पहार सहज आत गेली. ते चालतं, स्लीपर बदलता येतो, रूळही बदलता येतो. वळण हलवणं अवघड, कारण इथे एका अंगाला दगडी फलाट होता आणि दुसऱ्या अंगाला गोदामाची भिंत.

वळण मोजायला मी अजून दोरीच वापरतो. २० मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणायची आणि मधोमध दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर घ्यायचं. फलाटाजवळ ते ४१७ मिलिमीटर भरलं. दोरीच्या लांबीच्या वर्गाला या अंतराच्या आठपटीने भागलं की त्रिज्या निघते: १२० मीटर. तीनदा मोजलं, फरक नाही.

आता फलाट वळणाच्या आतल्या अंगाला. तिथे उभ्या वॅगनचा मधला भाग फलाटाकडे सरकतो आणि किती सरकतो ते याच सूत्राने निघतं. जुन्या चारचाकी वॅगनच्या दोन आसांत ४ मीटर अंतर धरलं तर जेमतेम १७ मिलिमीटर. प्रस्तावातल्या लांब वॅगनच्या दोन बोग्यांच्या, म्हणजे दोन टोकांखालच्या चाकांच्या गाड्यांच्या, केंद्रांत १४ मीटर. ती २०४ मिलिमीटर आत येते. रुंदी दोघींची सारखी धरली, तरी मोकळी जागा होती १९०. म्हणजे पहिलीच वॅगन दगडाला घासणार.

सल्लागाराच्या अहवालात एक ओळ होती: इथे पूर्वी वर्षानुवर्षं वॅगन लागत होत्या. खरंच लागत होत्या. पण कसल्या, हे विचारायला तो माणूस जागेवर आलाच नव्हता. आमच्या मुकादमांनी एका वाक्यात सांगितलं, "साहेब, इंजिन फाटकाच्या आत कधी आलंच नाही. एकेक वॅगन आम्ही पहारीने ढकलत न्यायचो."

मी लिहिलं: वळणाचा भाग या वॅगनना अयोग्य, कंटेनर फाटकाबाहेरच्या सरळ रुळावर उतरवावेत, वळण छोट्या वॅगनसाठी ठेवावं. पहिला भाग वाचला गेला, शेवटचा नाही. 'या वॅगनना' हे दोन शब्द बैठकीपर्यंत पोचता पोचता गळाले आणि माझ्या अहवालातून 'वळण निरुपयोगी' एवढंच उरलं. तीन महिन्यांत वळणाचे रूळ उचलले, तिथे लॉऱ्या उभ्या राहतात. सरळ भागावरही कंटेनर आलेच नाहीत.

माप बरोबर होतं, पुन्हा मोजलं तरी तेच लिहीन. पण छोट्या वॅगनची शिफारस मी अगदी वर, पहिल्या ओळीत का लिहिली नाही? एकदा रूळ उचलला की तिथे तो पुन्हा कुणी टाकत नाही, हे त्या बैठकीत बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मुख्य मार्गावरून गाडी सायडिंगकडे वळवणारा सांधा अजून जागेवर आहे, क्लॅम्प आणि कुलूप लावून. तो काढायचं पत्र माझ्या टेबलावर आलंय. सही केलेली नाही.