यांकी रोचे सोळा पिंप

"यांकी रो बघून आलो," असं फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिलाच प्रश्न, "इंधन कुठे ठेवलंय?" आयुष्य तारापूर अणुवीज केंद्राच्या नोकरीत गेलं त्यांचं.

रो म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरातलं चारेकशे वस्तीचं गाव. डिअरफिल्ड नदीकाठी इथे १९६० साली यांकी रो हे अणुवीज केंद्र सुरू झालं, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या व्यावसायिक केंद्रांपैकी एक. खांबांवर उभारलेला प्रचंड पोलादी गोल, त्यात वेस्टिंगहाउसची अणुभट्टी. अंदाजापेक्षा कमी खर्चात बांधून झालं, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे न्यूट्रॉनच्या माऱ्याने भट्टीच्या पात्राचं पोलाद ठिसूळ झालं असेल अशी शंका आली आणि १९९२ मध्ये केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं. २००७ पर्यंत सगळं पाडून झालं. ते पात्रसुद्धा साउथ कॅरोलिनात नेऊन पुरलं.

इंधन मात्र इथेच आहे. कुंपणाआड काँक्रीटचे १६ पिंप, त्यांतल्या १५ मध्ये वापरलेलं इंधन, आणि रात्रंदिवस सशस्त्र पहारा. १९८२ च्या कायद्यानुसार १९९८ पासून सरकारने ते उचलायचं होतं. ते कायमचं पुरायला नेवाडातला युक्का पर्वत ठरला, तोही बारगळला. केंद्राच्या कंपनीने सरकारला कोर्टात खेचून भरपाई मिळवली, पण पिंप जागचे हलले नाहीत. गेटपाशी उभा राहून मला या गोष्टीचा मनस्वी राग आला. एवढा श्रीमंत देश, स्वतःच केलेला कायदा, आणि जागा ठरत नाही!

मी तावातावाने म्हटलं, "आपण निदान पुनर्प्रक्रिया तरी करतो, वापरलेल्या इंधनातलं कामाचं परत काढून घेतो."

"सगळ्याची नाही," बाबा म्हणाले.

खरंय. तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं अमेरिकेकडून घेतलेली. पोखरणच्या १९७४ च्या अणुचाचणीनंतर तिकडून इंधन मिळण्यात अडथळे आले. वापरलेलं इंधन ते परत नेईनात आणि पुनर्प्रक्रियेला संमतीही देईनात. कित्येक वर्षं ते तारापूरलाच पडून राहिलं. तरी मी म्हणेन, आपल्याला करारात अडकवून ठेवलं होतं. यांना कोणी अडवलंय?

बाबांनी यावर वाद घातला नाही. त्यांना वेगळीच काळजी होती. "पिंपात हवा खेळते ना?"

खेळते. गार हवा खालच्या झरोक्यांतून आत शिरते, तापून वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. पंखा नाही, पंप नाही, वीज लागत नाही.

"मग ठीक," बाबा म्हणाले, आणि जेवलास का विचारलं.