उणे तीसचा बॉयलर सूट आणि तांगत्सेचा वारा

लडाखमध्ये ऐन हिवाळ्यात उघड्यावरचे काम करण्यासाठी नागपुरातून जे जाणार आहेत, त्यांनी बॉयलर सूटवर छापलेल्या 'उणे 30' या आकड्यावर विसंबून एक रुपयाही देऊ नये. उंचीची सवय कशी करून घ्यावी, हातमोज्यांचे दोन थर का लागतात, बूट कोणते घ्यावेत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. काम करणाऱ्या माणसाने छातीपासून घोट्यापर्यंत काय घालावे, याविषयी मात्र निघण्यापूर्वी आम्हाला कोणीही खरे सांगितले नाही, आणि त्याचे परिणाम आम्ही तांगत्सेच्या पुढे एका उघड्या माळावर भोगले.

काम सौर संचांच्या दुरुस्तीचे होते. लेड-ॲसिड बॅटरी थंडीत पूर्ण उतरली की तिच्यातील द्रव गोठतो आणि तिचे कवच तडकते, त्यामुळे हे काम उन्हाळ्यापर्यंत लांबवता येण्यासारखे नव्हते. चमूत मी एकटी स्त्री होते; बाकीचे सहकारी वायरमन आणि फिटर. ठेकेदाराने सर्वांचे कपडे नागपुरातच घेतले. एमआयडीसी परिसरातील सुरक्षा साहित्याच्या एका दुकानातून गडद निळ्या पॅराशूट कापडाच्या, आत पॉलिस्टरचे भरण असलेल्या अंगभर बॉयलर सुटांचा गठ्ठा आला, प्रत्येकी 6,500 रुपये. शीतगृहातील कामगार उणे 30 अंशांत दिवसभर हाच सूट घालतात, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले. नागपूरच्या माणसाला हे पडताळून पाहण्याची सोय नसते. 29 डिसेंबर 2018 रोजी शहराचे तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरले होते, त्या थंडीची आठवण आपल्याकडे अजून काढली जाते. लेहमध्ये जानेवारीत भर दुपारचा पाराही शून्याच्या आसपासच असतो.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे होते आणि म्हणूनच ते घातक ठरले. गोठवलेल्या मालाच्या शीतगृहात कामगार आत जातो, खोकी उचलतो, हालचालीत राहतो आणि थोड्या वेळाने ऊब घेण्यासाठी बाहेर येतो. तेथे हवा कोरडी असते आणि ब्लोअरसमोरची जागा सोडली तर वारा नसतो. माळावर उणे 15 अंश तापमान असताना ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे 26 अंशांसारखे लागते, आणि वारा शिवणींतून आत शिरू लागला की कपड्याच्या भरणात अडकलेली उबदार हवा टिकत नाही. शिवाय एकच सूट अंगात असताना सामान वाहणारा माणूस घामाघूम होतो आणि जोडण्या करत बसलेला माणूस कुडकुडतो. किती वेळ आणि किती हालचालीत, हे न सांगता छापलेल्या तापमानाला काहीही अर्थ नाही.

दिल्लीहून विमानाने लेह गाठले आणि तेथे पुरेशी विश्रांती घेतली. ते दिवस सुखाचे गेले. पुढे कारू, शक्ती आणि 5,300 मीटरच्या वर असलेली चांग ला ही खिंड ओलांडून आम्ही तांगत्सेला पोहोचलो. रस्ता उघडा होता आणि चालक जाणता होता. या प्रवासाविषयी सांगण्यासारखे एवढेच.

तांगत्सेच्या पुढे पँगाँगच्या दिशेने जी मोकळी खोरी लागतात, त्यांपैकी एकात आमची पहिली जागा होती. सकाळी ऊन होते आणि वारा पडलेला होता. जड बॅटऱ्या गाडीपासून चौथऱ्यापर्यंत वाहून नेताना सगळ्यांना घाम फुटला. अंगभर सुटात तो घाम बाहेर पडण्यास वाट नसते. पुढची चेन उघडावी तर छाती आणि पोट एकदम उघडे पडतात, आणि वरचा भाग उतरवून बाह्या कमरेला बांधाव्यात तर त्या चिखलाबर्फात लोळतात व खाली वाकणे कठीण होते. फिटरने आत सुती बनियन घातले होते, ते पाठीला चिकटून ओले झाले. दुपारनंतर त्या भागात नेहमी सुटतो तसा वारा सुटला, आणि नेमकी तेव्हाच बसून करायची कामे सुरू झाली.

त्या दुपारी सुटाचा एकेक दोष उघड झाला. भरण जागेवर राहावे म्हणून सुटावर चौकोनी टाके घातलेले होते आणि ते बाहेरच्या कापडातून आरपार गेले होते. वाऱ्याकडे पाठ केली की प्रत्येक टाक्याची रेघ पाठीवर वेगळी जाणवत होती. उकिडवे बसले की खांद्यापासून जांघेपर्यंतचे सगळे कापड ताणले जाई, गुडघ्यांवर आणि ढुंगणावर भरण दबून पातळ होई, आणि थंड लोखंडी चौकटीला टेकलेली तीच जागा आधी बधिर होई. गळ्याशी येणाऱ्या चेनवर श्वासातील वाफ साचून बर्फाचा थर धरला. चेनची कडी इतकी लहान होती की जाड हातमोजा घातलेल्या बोटांत ती येत नसे. हातमोजा काढावा तर बोटे काम करत नसत. शेवटी वायरमनने खिशातील केबल टाय त्या कडीत ओवून तिचा मोठा गोल केला, आणि त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक चेनला तो काळा गोल लागला. फिटरला मात्र उशीर झाला होता. त्याला हुडहुडी भरली, हातातील पाना नटावर बसेना, बोलणेही अडखळू लागले. आम्ही काम तसेच टाकून त्याला गाडीत बसवले, ओले बनियन उतरवले, कोरडे कपडे घातले आणि त्याची हुडहुडी थांबेपर्यंत दुसरे काही केले नाही. थंडीत माणसाचे बोलणे अडखळले तर कामाचा विचार तेथेच सोडावा, यावर चर्चा नको.

आता जी गोष्ट पुरुष सहकारी लिहिणार नाहीत ती लिहिते. लडाखमध्ये हिवाळ्यात नळ गोठतात, म्हणून घरोघरचे कोरडे शौचालयच वापरावे लागते, आणि कामाच्या जागी तर खडकाचा आडोसा हेच शौचालय. अंगभर सूट घातलेल्या स्त्रीला लघवीसाठी खांद्यापासून सगळे उतरवून वाऱ्यात अर्धे अंग उघडे करावे लागते. हे टाळण्यासाठी मी पहिल्या दिवशी पाणीच कमी प्यायले. इतक्या उंचीवर, कोरड्या हवेत, पाणी कमी पिणे हे आजाराला आमंत्रण आहे, आणि संध्याकाळपर्यंत माझे डोके ठणकू लागले. स्त्रियांसाठी एकसंध बॉयलर सूट विकत घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने हा एक परिच्छेद दोनदा वाचावा. मागच्या बाजूला कमरेशी उघडणारी चेन असलेले सूट आणि डंगऱ्या बनतात, आणि तशीच वस्तू मागणे हा आपला हक्क आहे.

आमच्याबरोबरचा स्थानिक मदतनीस त्याच वाऱ्यात निवांत होता. त्याच्या अंगात छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली जाड डंगरी होती आणि वर वेगळे जाकीट होते. सामान वाहताना त्याने जाकीट काढून गाडीत टाकले आणि बसायच्या कामाला लागण्यापूर्वी ते पुन्हा चढवले. सगळे शहाणपण एवढ्यातच होते. डंगरीत कंबर, पाठीचा खालचा भाग आणि पोट झाकलेले राहतात, वाकले तरी पाठीवर फट पडत नाही, आणि धडाची ऊब मात्र हवी तशी कमी-जास्त करता येते. माझा स्पष्ट निर्णय असा की उघड्यावर, चढ-उतार आणि बैठे काम दोन्ही असेल, तर डंगरी आणि जाकीटच घ्यावे. एकसंध सूट फक्त त्याने घ्यावा ज्याला गाडीखाली किंवा यंत्राखाली बर्फात पाठीवर झोपून काम करायचे आहे. तेथे दोन कपड्यांच्या मधून बर्फ आत शिरत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे.

डंगरी निवडताना सर्वात आधी पायाची चेन पाहावी. ती घोट्यापासून निदान गुडघ्याच्या वर, शक्यतो मांडीपर्यंत, उघडणारी हवी, म्हणजे बूट न काढता डंगरी घालता-काढता येते आणि घाम आल्यास हवा खेळवता येते. पुढची चेन दोन्ही टोकांकडून उघडणारी असावी. दाते मोठे आणि साच्यातील प्लॅस्टिकचे असावेत. धातूची चेन हातमोज्याशिवाय धरवत नाही आणि बारीक दात्यांच्या चेनमध्ये बर्फ अडकतो. चेनवर वारा अडवणारी कापडी पट्टी आहे का, ती वेल्क्रोच्या चिकटपट्टीने बंद होते की बटणांनी, हेही पाहावे. चिकटपट्टीत बर्फाचा भुगा भरला की ती धरत नाही, म्हणून टिचबटणे बरी. खांद्याचे पट्टे संपूर्ण लवचीक असतील तर खिशात पाने-पक्कड टाकताच डंगरी खाली घसरते. मागे थोडा लवचीक भाग आणि पुढे साधी पट्टी हा मेळ टिकतो. बक्कल हातमोजा घालून उघडून पाहावे. ज्या दुकानात हातमोजा घालून पाहू देत नाहीत, तेथून घेऊ नये.

भरणाविषयी दुकानदार जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधील वजनाचा, आकडा सांगतात. आकडा मोठा म्हणजे भरण जास्त, हे खरे. पण बाहेरचे कापड वारा अडवत नसेल तर तो आकडा वाया जातो. कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकर मारावी. पलीकडच्या तळहाताला हवा लागली तर तो कपडा माळावर कामाचा नाही. हीच फुंकर शिवणीवर मारून पाहावी, कारण आमचे सूट नेमके तेथे हरले. पिसांचे भरण हलके आणि उबदार असते, पण घामाने किंवा बर्फाने ओले झाले की बसते आणि ऊब देत नाही. अंगमेहनतीच्या कामाला पॉलिस्टरचे भरणच घ्यावे. युरोपीय ईएन 342 या मानकाचे, हिमकणाचे चित्र असलेले लेबल मिळाले तर त्याखालील आकडे वाचावेत. पहिला आकडा उष्णतारोधाचा असतो आणि तो ठरावीक अंतर्वस्त्रांसह मोजलेला असतो. दुसरा 1 ते 3 असा वारा अडवण्याचा वर्ग असतो, आणि 3 हा सर्वात चांगला. ईएन 14058 हे लेबल सौम्य थंडीसाठी असते. ते दाखवून कोणी लडाखचा कपडा विकत असेल तर दुकानातून बाहेर पडावे.

ज्यांचे काम ग्राइंडरचे किंवा वेल्डिंगचे आहे त्यांना पॅराशूट कापड मुळीच चालणार नाही. एक ठिणगी पडली की गोल भोक पडते आणि त्यातून भरण बाहेर येते. मुक्कामाच्या खोलीतील तापलेल्या बुखारीच्या (खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीच्या) नळीला बाही टेकताच आमच्या एकाचे कापड वितळून तेथेच चिकटले. अशा कामाला जाड सुती डक कॅनव्हासची डंगरी चांगली. 12 औंसाचे म्हणून जे कापड विकले जाते, ते साधारण 400 जीएसएमचे असते. ते ठिणग्या आणि घासणे सोसते, पण पाणी पिते, म्हणून ओल्या बर्फात बसायचे असेल तर टाळावे. विजेच्या ठिणगीचा धोका असलेल्या वायरमनने आगरोधक कपड्याची वेगळी चौकशी करावी. साधे पॉलिस्टर त्याच्या अंगावर असता कामा नये.

पैशांविषयी. तांगत्सेहून परत आल्यावर लेहच्या मुख्य बाजारातील एका दुकानात मला डंगरीचे 9,000 रुपये सांगितले गेले, आणि थोड्याच अंतरावर मोती मार्केटमध्ये तशीच, त्याच शिक्क्याची डंगरी 3,800 रुपयांना मिळाली. परतीच्या वाटेवर दिल्लीत आमचाच तो निळा सूट, तेच टाके आणि तोच 'उणे 30' चा शिक्का, 2,800 रुपयांना टांगलेला पाहिला. म्हणजे नागपुरात प्रत्येक सुटामागे दुपटीहून अधिक पैसे गेले आणि त्या पैशांत फिटरच्या जिवावर बेतले. मला याचा आजही संताप आहे. जानेवारीत लेहची बरीच दुकाने बंद असतात आणि उघड्या दुकानांना तुमची गरज कळते, तेव्हा तेथे जाऊन घेऊ असा विचार करू नये. ऑक्टोबरमध्येच मागवावे, आणि ठेकेदार कपडे देणार असेल तर माल उचलण्यापूर्वी एक नग हातात घेऊन पाहण्याचा आग्रह धरावा.

माप नेहमीपेक्षा एक मोठे घ्यावे, पण अंदाजाने नाही. आतले थर्मल आणि फ्लीस घालून दुकानातच मांडी घालावी, उकिडवे बसावे, हात डोक्यावर नेऊन छताला लावल्यासारखे उभे राहावे. जांघेत ओढले गेले किंवा पाठीवर पट्टा रुतला तर माप चुकले. आत सुती काहीही नको, बनियनसुद्धा नको.

नागपुरात थंडी नसली तरी तपासणी करता येते. कळमन्याच्या बाजूची मिरचीची शीतगृहे यासाठी उपयोगाची नाहीत, कारण तेथील तापमान शून्याच्या वर असते. गोठवलेल्या मालाचे, उणे 18 अंशांचे गोदाम ओळखीने गाठावे, कोणाला तरी दाराशी थांबवावे आणि ब्लोअरच्या समोर अर्धा तास हालचाल न करता बसावे. गार कोठे लागते ते लक्षात ठेवून त्या जागा खडूने खुणावाव्यात. खुणा चेनवर किंवा मनगटाशी असतील तर शिंपी पट्टी लावून देईल. त्या टाक्यांच्या रेघांवर असतील तर कपडा परत करावा, म्हणून तोपर्यंत पावती सांभाळावी आणि किमतीचे लेबल कापू नये.