नकाशावर आलेख बसवताना: गणित तुम्ही करू नका, ट्रान्सडेटाला करू द्या

महाराष्ट्राचा नकाशा आणि त्यावर प्रत्येक ठिकाणी तिथल्या महिनावार पावसाचा चिमुकला स्तंभालेख, असं चित्र मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) करायचं झालं की बहुतेक जण फिग.ॲड_ॲक्सेस (आकृतीत नवी आलेख-चौकट जोडणारं फंक्शन) वापरतात. त्याला जागा सांगायची ती संपूर्ण आकृतीच्या ० ते १ या प्रमाणात. पुण्याचे रेखांश-अक्षांश तर ७३.८६, १८.५२. मग ट्रान्सडेटाने (अक्षांवरचे आकडे पिक्सेलमध्ये बदलणारं रूपांतर) त्याचे पिक्सेल काढायचे, ट्रान्सफिगरच्या (आकृतीचं प्रमाण पिक्सेलमध्ये बदलणारं रूपांतर) उलट रूपाने पिक्सेलचं प्रमाण करायचं. गणित बरोबर असतं, तरीही आलेख पुण्याऐवजी भलतीकडेच जाऊन बसतो.

कारण हे उत्तर फक्त त्या क्षणापुरतं खरं असतं. नकाशाला आपण आस्पेक्ट, म्हणजे उभ्या-आडव्या मापांचं गुणोत्तर, देतो (१९ अंश अक्षांशाजवळ १ भागिले कोसाइन १९, म्हणजे साधारण १.०६). ही चौकट प्रत्यक्ष आखणीच्या वेळी आक्रसते, आणि आपला हिशेब त्याआधीच झालेला असतो. ३.२ आवृत्तीपासून ऑटोस्केलही (अक्षांच्या मर्यादा आपोआप ठरवणं) लांबणीवर पडतं, त्यामुळे प्लॉटच्या पुढच्याच ओळीत ट्रान्सडेटा विचारला तर जुन्याच मर्यादांवरचं उत्तर मिळू शकतं. टाइट_लेआउट (समास आपोआप जुळवणारं फंक्शन) नंतर चालवलं, झूम केलं, तरी तेच.

म्हणून रूपांतर स्वतः करूच नये. ३.० आवृत्तीपासून ही सोय ॲक्सेसमध्येच (आलेखाच्या चौकटीतच) आहे; इथे ॲक्स म्हणजे नकाशाची चौकट:

पुणे = ॲक्स.इनसेट_ॲक्सेस([७३.४६, १८.२७, ०.८, ०.५], ट्रान्सफॉर्म=ॲक्स.ट्रान्सडेटा)

चार आकडे म्हणजे डावी कड, खालची कड, रुंदी, उंची, आणि चारही अंशांत. आलेखाचा मध्य पुण्यावर यावा म्हणून रेखांशातून ०.४ आणि अक्षांशातून ०.२५ वजा केले आहेत. ट्रान्सफॉर्म लिहायचं राहिलं तर हेच आकडे चौकटीचं प्रमाण समजले जातात आणि आलेख चित्राच्या कितीतरी बाहेर जातो. काहीच दिसत नसेल तर आधी हे तपासा. लिहिलं असेल, तर जागा दर आखणीला नव्याने मोजली जाते.

०.५ ही उंची उगाच निवडलेली नाही. महाबळेश्वर (७३.६६, १७.९२) पुण्यापासून अक्षांशात फक्त ०.६ अंश दूर आहे, उंची ०.७ केली की दोन्ही आलेख एकमेकांवर चढतात. नकाशा ७ अंशांचा आणि कागदावर १४ सेंटिमीटर उंच असेल, तर ०.५ अंश म्हणजे जेमतेम १ सेंटिमीटर. त्यात १० पॉइंटची अक्षरं एक तृतीयांश जागा खातात. तेव्हा टिक्स (अक्षांवरच्या खुणा आणि आकडे) काढून टाका, पार्श्वभूमी 'नन' (none, म्हणजे पारदर्शक) करा, म्हणजे जिल्ह्यांच्या सीमा झाकल्या जाणार नाहीत. आणि सगळ्या आलेखांना एकच सेट_वायलिम (उभ्या अक्षाची मर्यादा) द्याच. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस ५००० मिलिमीटरच्या पुढे, नागपूरचा साधारण १०००. ऑटोस्केलवर सोडलं तर दोन्हीकडचे स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतील आणि नकाशा वाचणाऱ्याची चक्क फसवणूक होईल.

झूम केल्यावर हे आलेखही मोठे होतात. जागा अंशांत पण आकार कायम हवा असेल, तर ॲक्सेसग्रिड१ (मॅटप्लॉटलिबसोबतच येणारा संच) मधलं इनसेट_ॲक्सेस घ्या. नाव तेच, फंक्शन वेगळं. त्यात रुंदी-उंची इंचांत, बीबॉक्स_टू_अँकर=(७३.८६, १८.५२), बीबॉक्स_ट्रान्सफॉर्म=ॲक्स.ट्रान्सडेटा आणि लोक='सेंटर' (loc, म्हणजे आलेखाचा कोणता भाग त्या बिंदूवर बसवायचा ते). टक्क्यांत रुंदी दिली तर दोन आकड्यांचा अँकर (बीबॉक्स_टू_अँकर) चालत नाही, चार लागतात. 'सेंटर'ऐवजी कोपरा धरून बसवणार असाल तर बॉर्डरपॅड=० (कडेची मोकळी जागा शून्य) लिहा; एरवी अर्ध्या अक्षराएवढी, म्हणजे सुमारे ५ पॉइंट, जागा सरकते.

दोन्ही प्रकारांत बाहेरची चौकट आतल्या आलेखाला कापत नाही. नकाशा सरकवून पुणे दृष्टीआड गेलं, तरी त्याचा आलेख समासात तरंगत राहतो.

हीच युक्ती नकाशाऐवजी दुसऱ्या आलेखावर वापरताना अक्ष लॉग (लॉगरिदमिक) असेल तर १० ते १०० एवढी जागा व्यापायला रुंदी ९० लागते, १ नव्हे. तारखांच्या अक्षावर डेट२नमने (तारखेचा आकडा करणारं फंक्शन) आकडा काढा, रुंदी दिवसांत.