घारीची उसनी पिसं

बरेच महिने झाले तरी ती घार डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहून काढतेय.

मी जखमी पक्ष्यांच्या रेस्क्यू सेंटरमध्ये काम करते. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर पिल्लं कुरवाळत बसतो. खरं काम म्हणजे पिंजरे घासा, वजनं घ्या आणि फोनवर दहादा सांगा की नाही हो, दूध नका पाजू, पक्षी आहे तो.

त्या दिवशी एक काका मोठा खोका घेऊन आले, "मॅडम, अल्बिनो गरुड सापडलाय". खोका उघडला तर आत आपली साधी घार. डोळे गडद तपकिरी, चोच काळी, अंग नेहमीसारखं मातकट. फक्त डाव्या पंखाची काही पिसं पांढरीशुभ्र, शेपटीतली दोन पांढरी आणि उजव्या पंखात एक. अल्बिनोच्या अंगात मेलॅनिन, म्हणजे काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य, बनतच नाही, त्यामुळे डोळेसुद्धा गुलाबी-लालसर दिसतात. इथे काही पिसांपुरताच रंग गायब होता, याला ल्युसिझम म्हणतात. पण पांढरं काही दिसलं की अल्बिनो म्हणायची पद्धतच पडलीये, पत्रकारही तेच छापतात. वर कोणीतरी तुटकी पिसं सेलोटेपने चिकटवलेली. ती टेप काढताना माझा अर्धा तास गेला, ज्याने लावली त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

एक्स-रे काढला, हाड शाबूत. मग उडत का नव्हती? तर पंख पसरल्यावर कळलं. घारीच्या पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं, ज्यांना आम्ही प्रायमरी म्हणतो, ती दहा असतात आणि आतून बाहेर नंबर देऊन मोजतात. डाव्या पंखाची ७, ८, ९ आणि १० ही चारही पांढरी, आणि चारही मधूनच मोडलेली. उजवीकडचं ८ नंबर पांढरं पण अख्खं होतं, म्हणजे त्यातल्या त्यात. त्याच्या कडा जुन्या खराट्यासारख्या झिजल्या होत्या आणि त्याला खेटून असलेली ७ आणि ९ ही तपकिरी पिसं मस्त धडधाकट. एकच पक्षी, तेच ऊन, तोच वारा, शेजारी शेजारी उगवलेली पिसं, आणि फरक कशाचा तर रंगाचा! मी हे वाचलेलं होतं पण इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. भिंगाखाली तासभर बघत बसले, जेवायचं राहिलं.

मेलॅनिन नुसता रंग नाहीये, त्याने पीस टणक होतं, घासलं तरी लवकर झिजत नाही. कितीतरी समुद्रपक्षी, करकोचे, पेलिकन अंगभर पांढरे असतात आणि पंखांची टोकं मात्र काळी. हवेत सगळ्यात जास्त मार टोकांनाच बसतो, तिथेच काळा रंग भरलेला. आपण रंग म्हटलं की मादीला भुलवायला नाहीतर लपायला एवढंच शिकलेलो असतो.

इथे जरा विषयांतर, कारण आमच्या पिसांच्या बँकेबद्दल मला फार अभिमान आहे. मेलेल्या पक्ष्यांची आणि मोल्टमध्ये (जुनी पिसं गळून नवी येतात तेव्हा) गळलेली पिसं मी पाकिटात घालून, जात, डावा-उजवा, नंबर लिहून ठेवते, आधी फ्रीझरमध्ये टाकून त्यातल्या उवा मारते. नवीन आलेली पोरं सुरुवातीला ती कचरा म्हणून टाकून द्यायची (एकदा घुबडाचा अख्खा सेट गेला, अजून राग आहे). खंड्याचं निळं पीस उजेडासमोर धरून मागून बघितलं की निळा गायब, मळकट करडं दिसतं, कारण त्यात निळा रंग नसतोच, आतल्या बारीक स्पंजासारख्या रचनेमुळे प्रकाश तसा परततो. काही घुबडांच्या पंखांच्या खालच्या बाजूवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की नवी पिसं गुलाबी चमकतात आणि जुनी मंद, कारण तो रंग उन्हाने उडून जातो. आलेल्या प्रत्येक व्हॉलंटियरला हे दाखवल्याशिवाय मी सोडत नाही.

तर घारीला पिसं जोडायची ठरली. याला इम्पिंग म्हणतात, ससाणे पाळणारे शेकडो वर्षं करत आलेत. मोडकं पीस उपटून का काढत नाही असं सगळे विचारतात. उपटलं तर मूळ दुखावतं, आणि नवीन पीस आलं तरी शेजारच्यांचा आधार नसला तर कोवळं असतानाच मोडतं. त्यामुळे मोडक्या पिसाचा पोकळ दांडा नीट कापायचा, बांबूची तासलेली काडी अर्धी त्यात आणि अर्धी दुसऱ्या घारीच्या त्याच नंबरच्या पिसात, मध्ये एपॉक्सी, खाली कागदाचा तुकडा नाहीतर शेजारचं पीस चिकटलंच. डाव्याचं उजव्याला चालत नाही. उजव्या पंखावरून मापं घेतली, मिलिमीटरमध्ये. पीस जरा जरी फिरून बसलं तरी पंखाची पात मिटत नाही. पक्षी भुलीच्या गॅसवर झोपलेला, डॉक्टर घड्याळाकडे बघतायत आणि मी श्वास धरून.

बँकेत पांढरी पिसं कुठून असणार, तपकिरीच लावली. एक व्हॉलंटियर म्हणाली, "ताई, मॅचिंग नाही झालं." मी म्हटलं, बाई, तेच तर हवंय.

डॉक्टरांचं मत पहिल्यापासून वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, "हे जन्मजात आहे. पुढच्या मोल्टला ही जोडलेली गळतील, परत पांढरी येतील, परत मोडतील. दर वर्षी पकडून आणणार आहेस का?" मी म्हटलं, खाणं नीट न मिळाल्यानेही कधीकधी पीस पांढरं उगवतं आणि पुढच्या वेळी रंग परत येतो. त्याच पिसांवर आडव्या फिक्या रेघा होत्या, पीस उगवत असताना उपासमार किंवा ताण पडला की तशा रेघा येतात. ते म्हणाले रेघांवरून रंगाचं सिद्ध होत नाही. बरोबर आहे त्यांचं, पण मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. पिंजऱ्यात आयुष्य काढलेल्या घारी मी बघितल्यात.

तीन आठवड्यांनी, मोठ्या पिंजऱ्यात नीट वळणं घेतेय हे बघून, सोडली. सरळ वर गेली, एकदाही मागे वळून वगैरे बघितलं नाही.

मग एक दिवस पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फोटो. घार, डाव्या पंखात पांढरा पट्टा, टोकं गडद. कारण बुंधे तिचे पांढरे आणि पुढचा भाग आमचा तपकिरी! खाली पन्नासेक कमेंट्स. कोणी म्हणे हायब्रिड, कोणी म्हणे वेगळी उपजात, एकाने तर दोन परिच्छेद लिहून सिद्ध केलं की हा फोटोतल्या उजेडाचा दोष आहे. पट्टा फक्त डाव्याच पंखात का, हे एकानेही विचारलं नाही. मी हसत होते आणि मग एकदम लक्षात आलं की पांढरं बूड आणि गडद टोक, हे तर करकोच्याचंच डिझाईन झालं, आणि मी ते ठरवून केलंच नव्हतं. फोटोखाली काही लिहिलं नाही. डॉक्टरांना फॉरवर्ड केला, त्यांनी अंगठा पाठवला, बस.

परवा त्याच घारीचा अजून एक फोटो आला. पांढरा पट्टा जागेवर आहे, पण आतल्या बाजूची पिसं बदलायला लागलीत, घारीचा मोल्ट आतून बाहेर सरकतो. मी झूम करून करून मोजलं, चार नवीन, तपकिरी, पाचव्याच्या जागी फट.

सातवं अजून आमचंच आहे.