राईड ताणावर सोडली असन

आमच्या कोठीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत, बाजूला तारखा. एका तारखेवर हळदीचं बोट लागलेलं आहे. त्या सगळ्यांच्या वर लाल स्केचपेननं मारलेली एक जाड रेघ आहे, १४० सेंटीमीटरची. ही रेघ माझ्या भाच्यानं मारली होती, चौथीत असताना, कारण कुठंतरी त्यानं वाचलं की मोठ्या रोलर कोस्टरमधे बसायचं तर उंची १४० पाहिजे, नाहीतर गेटवरूनच परत. तेव्हा हा होता १२७. मग दर महिन्याच्या एक तारखेला चौकटीला पाठ लावून उभा, डोक्यावर कंपासपेटी आडवी ठेवायची अन् ताईनं रेघ मारायची. टाचा उचलायचा, मग ताई पायावर चापट मारायची. दोन वर्षं हे चाललं.

बंटी म्हणतो मी त्याला, खरं नाव नाही सांगत, उद्या मोठा झाल्यावर माझ्यावर चिडेल. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात आमचं गाव, घरची संत्र्याची बाग, माझं फाट्यावर ऑनलाईन सेंटर, म्हणजे सातबारा, पीकविमा, रेल्वे तिकीट, झेरॉक्स, सगळं एकाच टेबलावर. त्या सेंटरचं वायफाय खाऊन खाऊन हा पोट्टा थीम पार्कचा एक्सपर्ट झालाय. बाकीचे पोरं गेम खेळतात, हा अमेरिकेतल्या पार्कांचे व्हिडिओ पाहतो. अन् तेही राईडचे नाही हो, कोणती राईड कधीपासून बंद राहणार, कुठं खड्डा खणला, कुठं क्रेन आली, याचे! गावात लाईन कधी जाणार हे आमाले माहीत नसतं पण फ्लोरिडात काय बंद होणार ते याला पाठ. "मामा, डिस्नेची बिग थंडर कोस्टर बंद झाली जानेवारीपासून, पूर्ण ट्रॅक बदलून रायले, २०२६ शिवाय चालू नाई होत." मी तेव्हा एका माणसाचं आधार पॅनला लिंक करत होतो, तो माणूस घाबरून विचारते, काय बंद झालं भाऊ, लिंक?

तर २०२५ च्या जूनमधे रेघ १४० ला टेकली. टाचा खाली, ताईनं दोनदा मोजलं. १४० झाला की कोस्टरवाल्या पार्कला नेईन, हा दिलेला शब्द पाळणं भाग होतं. मी हिशेब असा लावला की बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मधात सुरू होतात, आपल्या विदर्भात उन्हामुळं जूनच्या शेवटी, म्हणजे मधला आठवडा असा की तिकडचे पोरं वर्गात अन् आपले मोकळे, पार्कमधे गर्दीच नसणार. लय हुशारी केली असं वाटलं मले. तिकिटं मीच माझ्या सेंटरवर बसून काढली, चौघांची, मी, ताई, बंटी अन् आमचे बाबा. बाबा नाही म्हणत होते, मग म्हणे बसल्या जागी हवा तरी लागन.

पार्कचं नाव घेत नाही. बडनेऱ्याहून रात्रभराची गाडी, पुढं दीड तास बस, एवढं सांगतो.

गेटवर पोचलो साडेदहाला. ऑनलाईन तिकीट दाखवलं, हातात कागदी पट्टे बांधले, आत शिरलो, अन् आत शिरल्यावर, शिरल्यावर म्हणतो मी, पहिल्या वळणावर एक स्टॅण्ड. ए-फोर कागद, लॅमिनेशन केलेलं. "पार्क विस्ताराचे काम व देखभालीसाठी खालील राईड्स तात्पुरत्या बंद आहेत, सहकार्याबद्दल धन्यवाद." चार नावं. पहिलंच नाव त्या कोस्टरचं.

बंटी रडला नाही. त्यानं तो कागद पूर्ण वाचला, मग परत वाचला, मग मला म्हणे, "मामा, तारीख नाई टाकली." बस एवढंच. मले त्याच्या रडण्यापेक्षा हे जास्त लागलं.

काउंटरवर गेलो भांडायला. पोरगी बिचारी विशीतली, तिनं शांतपणे सांगितलं सर अटी-शर्तींमधे आहे, पूर्वसूचना न देता राईड बंद राहू शकते, परतावा नाही. मोबाईलवर उघडून पाहिलं तर खरंच होतं, बारीक अक्षरात, सोळाव्या नंबरला. आता मी रोज पन्नास लोकांना सांगतो की बाप्पा फॉर्म वाचून सही करा, अन् स्वतः टिक मारून मोकळा झालो होतो. त्यामुळं आवाज आपोआप खाली आला.

कोस्टरच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो, निदान लोखंड तरी पाहू. बाबा म्हणाले, "इतका मोठा खर्च करून बंद काहून ठेवते हे?" तर आतून ग्रीसनं हात काळे झालेला एक जण वळून पाहतो अन् म्हणतो, "कोन्या गावचे हो तुमी?" मोर्शीकडचा निघाला! आयटीआय फिटर, तिथं मेंटेनन्सला. परमुलखात वऱ्हाडी ऐकली की माणूस कसा विरघळतो ते तुम्हाला सांगायला नको. सुपरवायझर जेवायला गेला होता तेवढ्या वेळात त्यानं आम्हाला कुंपणाच्या अलीकडूनच शेडमधलं सगळं दाखवलं, अन् खरं सांगतो, बंद राईडचा तो अर्धा तास उरलेल्या दिवसापेक्षा भारी होता.

गाडी, म्हणजे कोस्टरची ट्रेन, घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टॅण्डवर, चढवून ठेवली होती अन् सगळी चाकं काढलेली. मी समजत होतो रेल्वेसारखी वरून चाकं असतील. तर तीन जागी असतात, एक पट्टरीच्या वरून, एक बाजूनं अन् एक खालून, पट्टरीला तिन्हीकडून धरून ठेवतात, म्हणून उलटी झाली तरी गाडी सुटत नाही. चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, तो झिजतो, उन्हात जास्त. एक जुनं चाक त्यानं जाळीपाशी आणून दाखवलं, कडेनं टवके उडालेले, पायाच्या भेगा कशा असतात तसे.

मग भेगांचंच त्यानं दाखवलं. ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या दांड्याचा, रंग खरवडून, साफ करून त्याच्यावर लाल रंगाचं पातळ लिक्विड मारतात. थोडा वेळ राहू देतात. मग पुसून पार स्वच्छ करतात अन् वरून पांढरा स्प्रे. भेग नसली तर पांढरंच राहते. असली, अगदी केसाएवढी, तर तिच्यात मुरलेला लाल रंग हळूच वर येतो अन् पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. "डोयाले दिसत नाई ते आपोआप लेहून येते," हे त्याचे शब्द. बंटीनं विचारलं, उमटली का एखादी? तो हसला, म्हणे एका जागी उमटली, ॲक्सल बाजूला ठेवला, नवीन येईपर्यंत गाडी घोड्यावर.

बंटीनं त्याला ब्लॉकचं विचारलं, हे याला यूट्यूबवरून माहीत. म्हणजे अख्ख्या ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, पुढचा तुकडा रिकामा झाला असं सेन्सरनं सांगितल्याशिवाय मागची गाडी ब्रेकवरच उभी. फिटर खूश झाला. माझ्याकडं पाहून म्हणे, याले आयटीआयले टाका. ताईचा चेहरा पाहण्यासारखा होता, तिच्या डोक्यात डॉक्टर आहे.

अन् कोस्टर चालू करतानाही आधी माणसं नाही बसवत. रिकामी गाडी फिरवतात, पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे सीटवर बांधून फिरवत राहतात, मग स्टाफ, मग पब्लिक. विस्ताराचं म्हणाल तर कोस्टरच्या मागंच नवीन भाग बांधणं चालू होता, क्रेनचा दांडा फिरायला जागा पाहिजे, वीजेच्या केबल हलवायच्या होत्या, म्हणून म्हणे एवीतेवी बंदच ठेवायची तर देखभाल पण आताच उरकून घ्या. अन् जूनच्या या दिवसांतच का, तर गर्दी नसते म्हणून! म्हणजे मी ज्या हुशारीनं तारीख काढली त्याच हुशारीनं त्यांनी काढली होती.

बाबा इतका वेळ गप ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे राईड ताणावर सोडली असन." फिटर मोर्शीचा असल्यामुळं त्याला लगेच समजलं, तो "बरोब्बर काका" म्हणून असा हसला की शेडमधले दोघं-तिघं वळून पाहायला लागले. संत्रा नसलेल्या लोकांसाठी सांगतो. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड सुकल्यासारखं दिसते, पानं गळतात, नवीन माणसाला वाटते बाग मेली. मग मृगाचा पाऊस पडला, ताण तुटला, की फुलं फुटतात. ताण कमी पडला तर बहार येत नाही, जास्त झाला तर झाड जाते. फक्त आमच्या बाबांनी ताण दिला की व्यापाऱ्याला आधी सांगतात, यंदा आंबिया बहार नाही, मृग घेतो. व्यापारी बागेत येऊन उभा राहिल्यावर झाडाला कागद लावत नाहीत.

माझा राग तिथंच आहे. बंद ठेवा ना, खुशाल ठेवा, भेग असलेल्या ॲक्सलवर माझा भाचा बसवायचा नाही मले. पण वेबसाईटवर नवीन भागाचं मोठ्ठं रंगीत चित्र, "लवकरच येत आहे" असं, अन् काय बंद आहे ते मात्र आत आल्यावर?

बंटीनं परतीच्या गाडीत, अप्पर बर्थवरून मान खाली लोंबकळवून, मला फ्लोरिडाचं सांगितलं. तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममधे १९७१ पासून, म्हणजे पार्क उघडलं तेव्हापासून, एक बनवलेली नदी होती, तिच्यात बोट फिरायची, मधात बेट. ते सगळं बुजवून तिथं 'कार्स' सिनेमावरचा पार्कचा नवीन भाग करणार, हे त्यांनी २०२४ च्या ऑगस्टमधेच जाहीर केलं अन् शेवटचा दिवस ६ जुलै २०२५ हाही आधी सांगितला, म्हणजे आम्ही गाडीत होतो तेव्हा त्या नदीला दोन-तीन आठवडेच उरले होते. लोक शेवटचं फिरून घ्यायला चालले होते. डायनोसॉरच्या राईडचं पण पुढं तसंच, १ फेब्रुवारी २०२६ शेवटचा दिवस, ते पण आधीच सांगून. दहा वर्षांत पार्क अन् जहाजांवर ६० अब्ज डॉलर लावायचं २०२३ लाच बोलले होते. पैसा सोडा, आपल्याला तो झेपत नाही, पण तारीख टाकायला किती डॉलर लागतात?

अन् एक गंमत, ही याच्याकडूनच कळली. डिस्नेनं १९६४-६५ च्या सुमारास तिकडं २७ हजार एकरच्या वर जमीन घेतली, दुसऱ्याच कंपन्यांच्या नावानं, गुपचूप, भाव वाढू नये म्हणून. (समृद्धी महामार्गाच्या वेळी इकडं काय काय झालं ते आठवलं ना?) अन् मॅजिक किंगडम ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नावच ऑरेंज काउंटी, संत्र्याचा जिल्हा, कारण तिकडं आधी बागाच बागा होत्या. बाबांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणे, बागा कुठी गेल्या मंग?

डिसेंबरात आमच्याकडची बहिरमची यात्रा लागली. २० तारखेला सुरू होते अन् जानेवारी सरेपर्यंत चालते, हंडीतलं मटण अन् रोडगे खायला सगळा जिल्हा लोटते, अन् दर वर्षी तिथं आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, मौत का कुआँ. बंटीनं सांगून टाकलं होतं की पाळण्यात बसणार नाही, लहान पोरांचं आहे. तरी नेला. तर पाळणा बंद! एका खुर्चीला लाल फडकं बांधलेलं अन् पाळणेवाला खाली बिडी ओढत बसलेला, समोर जुन्या पेपरवर मोठी बेरिंग उघडून ठेवलेली. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "आज नहीं भैया, बेरिंग बोल रही है. अमरावती से मंगवाई है, परसों शाम पाँच के बाद आना." येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत होता, न चिडता, बिडी विझली तरी. तिकिटाची खिडकी बारदान्यानं झाकून टाकली होती, म्हणजे पैसे द्यायचा प्रश्नच नाही.

बंटी त्याच्यापाशी उकिडवा बसला. ती बेरिंग हातात घेऊन फिरवून पाहिली, कानापाशी नेली. एका जागी कच्च व्हायचं. पाळणेवाल्यानं त्याला मग खुर्च्यांच्या कॉटर पिना, म्हणजे बोल्ट निसटू नये म्हणून घातलेल्या पिना, दाखवल्या, रोज सकाळी दव पडल्यावर एकेक हातानं ओढून पाहतो म्हणे, अन् माणसं बसवताना समोरासमोर का बसवतो तेही, एकीकडंच वजन झालं तर मशीन ओढत नाही. लाल लिक्विड, पांढरा स्प्रे यातलं काहीच नाही त्याच्याकडं, कान आहे फक्त. मले ते पुरेसं वाटत नाही हे पण सांगून ठेवतो, बसलो मात्र. तिसऱ्या दिवशी सव्वापाचला पाळणा चालू होता, पहिल्या फेरीत आम्ही. वरून सातपुड्याची रांग अन् खाली हंड्यांचा धूर. बंटी वर गेल्यावर डोळे मिटून बसला होता, मी म्हटलं भेतो काय बे, तर म्हणे चूप राय मामा, बेरिंग ऐकून रायलो.

आता या उन्हाळ्यात परत जायचं ठरतंय त्याच पार्कला. मागच्या रविवारी त्यानं माझ्या फोनवरून त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला, स्पीकरवर, सेंटरमधे पाच गिऱ्हाईकं बसलेली. तिकडून बाई म्हणाल्या, हाँ सर, सभी राईड्स चालू हैं.

"कब तक चालू हैं? तारीख बताइए."

"सर, अभी तो चालू है."

"वो ॲक्सल आया क्या, जो जून में निकाला था?"

तिकडं एकदम शांत. मग बाई म्हणाल्या, "सर, एक मिनट होल्ड कीजिए," अन् ट्यूँ ट्यूँ म्युझिक वाजायला लागलं. अकरा मिनिटं वाजलं. पीकविम्याचा फॉर्म घेऊन बसलेले एक काका उठायचं नाव घेईनात, म्हणे थांब ना बाप्पा, ॲक्सलचं काय झालं ते तर आयकू दे.